गुरुवारची रीडिंग्ज

मी ज्या कॉलेजातून इंजिनिअर झाले, तिथून मध्यंतरी फोन आला. तिसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर इंटर्नशिपच्या फायद्यांवर अर्धा तास बोलाल का, असं एक मुलगी विचारत होती. फार गोड बोलत होती. ‘चाकणला क्वालिटीमध्ये इतकी वर्षं टिकलेल्या आमच्या माजी विद्यार्थिनी तुम्ही एकट्याच आहात’, असंही म्हणाली. मी नाही म्हटलं. माइकसमोर माझा घसा बंद होतो, हे कारण तिला सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. फायदे मोजायला उभी राहिले असते आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं असतं. ते भलतं इथे लिहिते. लिहिताना निदान मध्येच कोणी टाळ्या वाजवून थांबवत नाही.

आमच्या कॉलेजात शेवटचं सेमिस्टर पूर्ण कंपनीत काढायचं असे. त्याला ‘प्रत्यक्ष कामातून शिक्षण’ असं नाव होतं. कॉलेजच्या जिन्यात त्याचा मोठा फलक होता. त्यावर पिवळं हेल्मेट घातलेली एक मुलगी हसत होती. आम्हाला एक डायरी मिळायची. रोज काय शिकलो ते त्यात लिहायचं, कंपनीतल्या साहेबाची सही घ्यायची आणि कंपनीच्या पाटीखाली उभं राहून फोटो काढायचा. फोटो नसला तर मार्क कापायचे. काम नसलं तर कापल्याचं मी कधी ऐकलं नाही.

मी वाकडची. आईबाबा दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि आमच्या सोसायटीत कारखाना पाहिलेलं माणूस म्हणजे लिफ्ट दुरुस्त करायला येणारे काका. मला कुरुळी फाट्याजवळची एक कंपनी मिळाली. तिचं नाव लिहीत नाही. पत्र्याची शेड, आत ओळीने यंत्रं, आणि दुचाकीच्या सस्पेन्शनमध्ये बसणारे पोलादी बुश तिथे बनायचे. बुश म्हणजे जाड भिंतीची छोटी नळी, अंगठ्याएवढी. तिचं माप केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरकात राखावं लागतं. फरक वाढला तर ती सैल बसते, आणि मग कुठल्या तरी घाटात कोणाची तरी गाडी डगमगते.

म्हणून दर दोन तासांनी पाच बुश उचलून मोजायचे आणि आकडे एका शीटवर लिहायचे. खाली मोजणाऱ्याची सही. बास, एवढंच. क्वालिटी म्हणजे काय, असं माझे मावसभाऊ अजून विचारतात, त्यांना मी हेच सांगते. कोणीतरी खरोखर मोजलं आणि जे आलं तेच लिहिलं, तर क्वालिटी आहे. नाहीतर नुसता कागद आहे.

मी रुजू झाले तो शुक्रवार होता. क्वालिटीचे प्रमुख कुलथे सर. पन्नाशीचे, घाईत असलेले, बोलायला प्रेमळ. माझी डायरी त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

“अक्षर कसं आहे तुझं?” त्यांनी विचारलं.

“चांगलं आहे, सर.”

“अरे वा. मग तू देवासारखी आलीस बघ. बुधवारी कस्टमरचं ऑडिट आहे.”

ऑडिट म्हणजे आपला माल घेणारी मोठी कंपनी माणूस पाठवून कागद तपासते. त्या कंपनीने तीन महिन्यांपूर्वी शीटचा नवा नमुना पाठवला होता. कुलथे सरांनी तो मेलमध्येच राहू दिला होता. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, तिन्ही महिन्यांच्या शीट्स कोऱ्या होत्या. त्या मी भरायच्या होत्या.

“पण सर, आकडे?”

“अगं, आकडे काय, चोवीसच्या आसपास टाकायचे. सगळे सारखे नको. थोडं वर, थोडं खाली. इंजिनिअर आहेस ना तू?”

मला इथे एक गोष्ट कबूल करायची आहे, कारण बाकी सगळ्यांवर रागावून लिहायचं आणि स्वतःला सोडायचं हे बरोबर नाही. मला ते काम आवडलं. खरी मापं मध्यावर जास्त आणि कडेला कमी पडतात, हे आम्ही संख्याशास्त्रात शिकलो होतो. मी मोबाइलवर तसे आकडे बनवले. यंत्रातलं कापणारं टूल झिजत जातं तसं माप हळूहळू सरकतं, तेही दाखवलं. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, “तू तर शिकूनच आलीस.” चार वर्षांत माझं शिक्षण पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलं होतं. ते खोटं बोलण्याच्या उपयोगी पडलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणणार नाही. लक्षात आलं होतं. मी ते बाजूला ठेवलं.

तीन पेनं दिली होती, निळं, काळं, आणि एक अडकत चालणारं. अक्षर मुद्दाम बिघडवायचं होतं. पहिल्या दहा शीट्स पाहून सरांनी यंत्रावरून बोट फिरवून आणलं आणि कोपऱ्यांना तेलाचे डाग लावले. “एवढा स्वच्छ कागद शॉपवर बघितलायस का कधी?”

सहीच्या जागी ‘एस. काळे’ लिहायचं होतं.

“सही मी कशी करू, सर?”

“सही कुठे, नाव आहे ते. इन्स्पेक्टर तीच आहे ना, मग तिचंच नाव येणार.”

ती म्हणजे शैला काळे. लातूरकडची, तिशी ओलांडलेली, ठेकेदाराकडून आलेली. शॉपच्या, म्हणजे यंत्रं असलेल्या शेडच्या टोकाला लोखंडी टेबल, त्यावर मायक्रोमीटर, बाजूला क्रेट. दर वर्षी ठेका बदलायचा, तिचं टेबल बदलायचं नाही. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी तिच्यापाशी गेले, कारण मापं मी शेकड्यांनी लिहीत होते आणि एकही बुश हातात धरला नव्हता.

“मॅडम, धरा की. चावत न्हाई,” ती म्हणाली आणि मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. मी तो पिळून आवळला. “हां, हां, गळा दाबू नका त्याचा. मागची कळ फिरवा. कट, कट, कट, तीनदा वाजलं की थांबायचं. चवथ्यांदा वाजवलं तर ते माप तुमच्या जोराचं, बुशचं न्हाई.”

त्या कंपनीत कामाबद्दल मला कोणी शिकवलेलं ते तेवढंच वाक्य. आजही नव्या मुलांना मी ते तसंच सांगते.

“वर बसून एवढं काय लिवताव?” तिने विचारलं.

“रिपोर्ट.”

“लिवा लिवा. आमाला लिवायला कुठं वेळ हाय,” ती हसली. तिच्याच नावाच्या खोट्या शीट्स वर पडल्या होत्या आणि मी तिला एवढंच सांगितलं. रिपोर्ट.

सर म्हणाले होते, सुट्ट्या सोडून दे. मी मोबाइलचं कॅलेंडर समोर ठेवलं. दसरा सोडला, दिवाळीचे दिवस विचारून सोडले, आणि सगळे रविवार काळजीपूर्वक सोडले. त्या रविवारी मलाही बोलावलं होतं. शॉप पूर्ण चालू होतं. मला वाटलं, ऑडिटमुळे बिचाऱ्यांना सुट्टीच्या दिवशी राबवताहेत.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यात काम केलेलं कोणीही हे वाचत असेल, तर त्याला पुढचं कळलं असेल. या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. भोसरीत दुकानंसुद्धा गुरुवारी बंद असतात. लग्न, साखरपुडा, पाव्हण्यांकडे जाणं, सगळं गुरुवार बघून ठरतं. पोरं आठवड्याचे वार त्याच्यावरून मोजतात. आमच्या वाकडच्या सोसायटीत हे कुणाला माहीत नव्हतं. मला रुजू होऊन पाच दिवस झाले होते आणि त्यांत गुरुवार आलाच नव्हता. शीटवर नुसती तारीख होती, वार नव्हता. कुलथे सरांनी डाग तपासले, वार नाही तपासले.

बुधवारी आलेले ऑडिटर शांत गृहस्थ होते. चहा नको म्हणाले. शीट्सचा गठ्ठा घेऊन बसले, निम्मा चाळला, मग खिशातून मोबाइल काढून त्यात काहीतरी पाहिलं.

“कुलथे, तुमचा वीकली ऑफ कधी?”

“गुरुवार, सर.”

“मग गुरुवारी मशीन कोण चालवतं तुमच्याकडे?”

“कोणी नाही, सर.”

“कोणी नाही. पण बुश तयार होतात आणि मोजलेही जातात. दर गुरुवारी. आणि रविवारी अख्खा प्लांट चालतो, तेव्हा मोजायला कोणी नसतं.” त्यांनी एक शीट उचलून उजेडाकडे धरली. “रीडिंग्ज मात्र सुंदर आहेत.”

संध्याकाळच्या बैठकीत माझ्याकडे लॅपटॉप होता. प्रोजेक्टरवर पानं पुढे ढकलायची, एवढंच काम. सात-आठ माणसं होती. ऑडिटरने विचारलं, “या शीट्स कोणी भरल्या?”

कुलथे सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “इन्स्पेक्टरने, सर. कॉन्ट्रॅक्टची बाई आहे. सही तिचीच आहे बघा. आम्ही ॲक्शन घेतो.”

खोलीत कुणीतरी सुस्कारा सोडला, सुटल्यासारखा. मी पुढचं पान लावलं.

शुक्रवारी सकाळी शैलाताई गेटवर उभी होती. कार्ड मशीनला लावत होती, पुसून परत लावत होती. लाल दिवा लागत होता. वॉचमन दुसरीकडे बघत होता.

“मॅडम, बरं झालं आलाव. आत जाऊन सरांना सांगा ना, कार्ड लागंना म्हनून. पहिलं राउंड चुकंल माझं.”

“सांगते,” मी म्हणाले आणि माझं कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला.

आत गेल्यावर मी सरांना ते सांगायच्या आधी त्यांनीच मला सांगितलं, की आजपासून शैलाच्या टेबलावर मी बसायचं. “तुला प्रत्यक्ष काम हवं होतं ना? घे.” ठेकेदाराला त्यांनी कालच फोन केला होता. सुट्टीच्या दिवशी.

तिच्या टेबलाच्या खणात एक पतसंस्थेची फुकट मिळालेली डायरी होती. मी कापड शोधायला खण उघडला होता. डायरीत मराठी आकड्यांत मापं होती. तारीख, वेळ, यंत्राचा नंबर, पाच पाच बुश. ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत, रविवारसकट, एकही दिवस न चुकता. गुरुवारची पानं कोरी होती. नवे फॉर्म येईपर्यंत थांब, असं तिला सांगितलं होतं. ती थांबली नव्हती. तिने फक्त स्वतःच्या डायरीत लिहिलं होतं. नोव्हेंबरातल्या एका पानावर होतं: ‘११ वाजता. २ नंबर मशीन साइज वर चालली. मशीन थांबवली. ४० पीस बाजूला काढले. सरांना सांगितलं.’

मी पाच दिवस वर बसून जे मनाने रचत होते, ते खाली खरं, मोजलेलं, तयार होतं. मधे एक जिना होता. तो उतरून ‘बाई, तुझ्याकडे काही लिहिलेलं आहे का’, असं विचारावं, हे तीन महिन्यांत कुलथे सरांना सुचलं नाही. मलाही सुचलं नाही. मोजणारी बाई लिहूही शकत असेल, हे आम्हा दोन इंजिनिअरांच्या डोक्यातच आलं नाही. मला अजून राग येतो तो याचा. खोटेपणाचा येतोच, पण याचा जास्त.

डायरी घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी शेवटपर्यंत पानं उलटली. “हे मंगळवारी दिसलं असतं तर सोनं होतं गं,” ते म्हणाले. “आता उत्तर गेलं.”

उत्तर म्हणजे ऑडिटरला पाठवायचा कागद. समस्या, कारण, उपाय असे तीन रकाने. कारणात लिहिलं होतं, इन्स्पेक्टरचा निष्काळजीपणा. उपायात, इन्स्पेक्टर बदलली, नवीन इन्स्पेक्टरला प्रशिक्षण दिलं. पुढे माझं नाव होतं. सोबत प्रशिक्षणाची हजेरी होती, तिच्यावर माझी सही तेवढी बाकी होती.

“ट्रेनिंग कधी झालं, सर?”

“होईल की. सही कर, स्कॅन करून मागाहून पाठवायचंय.”

“सर, शीट्स मी भरल्या होत्या.”

“मला माहीत नाही का?”

“मग ते लिहा ना. शैलाताईंनी नाही, मी भरल्या.”

“अगं, त्या शीट्सवर तुझं नाव कुठेच नाहीये. पगारपत्रकात नाही, यादीत नाही. इंटर्नला कोणी धरत नाही, हीच तर तुझी सोय आहे. उद्या तुझं नाव घातलं तर कस्टमर विचारेल, या मुलीला सांगितलं कोणी. मग?” आवाज त्यांनी चढवला नाही. “माझीही मुलगी तुझ्याएवढी आहे. कशाला करिअर खराब करतेस?”

मी ‘वाचून करते’ म्हणाले आणि तो कागद बॅगेत ठेवला. डायरीच्या पानांचे फोटो काढले. मग शैलाताईच्या टेबलावर परत गेले आणि कट, कट, कट करत मोजत बसले. चार दिवस. या चार दिवसांत मी रोज घरी जाऊन एक मेल लिहीत होते, खोडत होते. पाचव्या दिवशी ती ऑडिटरला पाठवली. शीट्स मी भरल्या, पाच दिवसांत, सांगितल्यावरून. सही माझ्या हातची. इन्स्पेक्टरने खरी मोजमापं केलेली आहेत, सोबत फोटो. कुलथे सरांना प्रत ठेवली, कारण पाठीमागून करायचं नव्हतं.

पुढे जे झालं ते मला आजही नीट पचलेलं नाही. ऑडिटरचा सरांना फोन आला. सरांनी तीच डायरी त्यांच्यापुढे ठेवली, माल खरोखर तपासला जात होता याचा पुरावा म्हणून. कंपनीची ऑर्डर हातची गेली नाही. मला दुपारी सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. शैलाताईला आठवड्याने परत बोलावलं, पण पॅकिंगमध्ये, हेल्पर म्हणून. इन्स्पेक्टर बदलली असं कागदावर गेलं होतं. कागद परत मागवता येत नव्हता, म्हणून बाई बदलली.

कॉलेजमध्ये गाइड मॅडमनी मला उभंच ठेवलं. “तुला मेल करायला कोणी सांगितलं होतं? आधी मला विचारायचं. पुढच्या वर्षी ते आपली मुलं घेतील का? करार आहे आपला त्यांच्याशी.”

“मॅडम, त्यांनी मला खोट्या शीट्स भरायला लावल्या.”

“इंडस्ट्रीत थोडं ॲडजस्ट करावं लागतं. तेही लर्निंगच असतं.”

मी कॉलेजच्या डायरीत त्या दिवसांखाली खरं लिहिलं होतं: ‘मागील तीन महिन्यांची मापे मनाने लिहिली.’ ती पानं नव्याने लिहून आण म्हणाल्या. मी आणली नाहीत. ती इंटर्नशिप अपूर्ण धरली, दुसऱ्या कंपनीत ती पुन्हा केली आणि वर्गाच्या सहा महिने मागून पास झाले. जिन्यातला फलक तेव्हा नवा लावला होता. हेल्मेट निळं होतं.

आता माझ्या हाताखाली दर जानेवारीत मुलंमुली येतात. चांगली असतात, घाबरलेली असतात, विचारलं तर मान डोलावतात. मागच्या वर्षी आमच्याकडे ऑडिट होतं, तेव्हा एका साहेबांनी मला सहज विचारलं, दोन इंटर्न द्या ना, जुनी कागदपत्रं नीट करायची आहेत. मी कारण विचारलं. ते हसले आणि शेजारच्या डिपार्टमेंटकडून दोन मुलं घेऊन गेले. हे कोणा एका कुलथ्यांचं काम नाही. ज्याचं नाव कुठेच नाही अशा माणसाकडून जे करून घेता येतं, ते करून घ्यायची रीत पडली आहे, आणि कॉलेजं त्याला मार्क देतात. त्या दोन मुलांना मी कॅन्टीनमध्ये गाठून विचारलं, काय लिहायला सांगितलंय. ‘रिपोर्ट’, म्हणाली.

कंपनीतून काढल्यावर महिनाभराने मी शैलाताईकडे गेले होते. कुरुळीतच एका चाळीत तिची खोली होती. मी दारात उभी राहून सगळं एका दमात सांगितलं, कारण बसले असते तर बोलणं झालं नसतं. तिने ऐकून घेतलं. “बसा की,” म्हणाली. “चहा घेताव का?”

स्टोव्ह पेटवून झाल्यावर तिने विचारलं, “माझी सही तुमीच केली म्हना.”

“हो.”

“समद्या कागदांवर?”

“सगळ्या.”

“आन् तुमच्या त्या मेलमुळं मला परत बोलावलं.”

“तसं असावं.”

“पॅकिंगला हाय आता. खोके चिकटवते. मोजायचं काम न्हाई.” तिने दोन कप भरले, माझा पुढे सरकवला. “त्या मोठ्या सायबानं इचारलं, कुनी भरलं म्हनून, तवा तुमी तिथं होता?”

“होते.”

“आतच?”

“आतच. मागच्या खुर्चीवर.”

“तवा तर कागद गेला नव्हता अजून.”

“नाही.”

“मग तवाच का न्हाई सांगितलं?”

तिने हे भांडायला विचारलं नव्हतं. मापात फरक आला की ती जशी यंत्रापाशी जाऊन विचारायची, नेमका कुठून आला, तसं विचारलं होतं. माझ्याकडे खरं असं एकच उत्तर होतं.

“मला बोलायला वेळ लागतो, ताई.”

“लागत असंल की,” शैलाताई म्हणाली. “पन तेवढ्या वेळात माझं काम गेलं.”